कर्करोग केंद्राची योजना प्रश्नांवरून ठरावी

घरातल्या माणसाला 'टाटाला नेलंय' एवढे म्हटले की महाराष्ट्रात पुढे रोगाचे नाव सांगावे लागत नाही. परळच्या या रुग्णालयाचे दरवाजे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले आणि गेल्या आठ दशकांत ते नाव कर्करोगाच्या उपचारांशी एकरूप झाले. रोगाचा पसारा आता फार मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात १४ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि ९ लाखांहून अधिक माणसे या रोगाने दगावली. साहजिकच कर्करोगाच्या नियोजनाची चर्चा निघाली की ती खाटा, यंत्रे आणि कोटींच्या आकड्यांवर येऊन थांबते. खाटा हव्यातच, यंत्रेही हवीत. पण टाटा मेमोरियल सेंटर हे रुग्णालयाबरोबरच शिक्षण आणि संशोधन करणारे केंद्र आहे. अशा केंद्राच्या दीर्घकालीन योजनेचा पहिला कागद प्रश्नांच्या यादीचा असावा, असे माझे ठाम म्हणणे आहे. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत आपण कोणत्या प्रश्नांची उत्तरे शोधणार, ती कोणत्या रुग्णांसाठी आणि उत्तर सापडल्यावर ते कुठवर नेऊन पोचवणार, हे आधी ठरावे. इमारती, यंत्रे आणि पदे त्या यादीमागून यावीत. नेतृत्वाची खरी कसोटीही या निवडीतच लागते.

या केंद्राची घडणच अशा विचाराला पोषक आहे. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या आणि पुढे दोराबजी टाटांच्या विश्वस्त निधीतून हे रुग्णालय उभे राहिले. १९५२ मध्ये त्याच्या शेजारी भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले, डॉ. वसंत रामजी खानोलकर त्याचे पहिले संचालक. रुग्णालय १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे गेले. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे सोपवण्यात आले, आणि १९६६ मध्ये रुग्णालय व संशोधन संस्था एका छत्राखाली येऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले. एखादे रुग्णालय आरोग्य खात्याकडून अणुऊर्जा खात्याकडे जाणे वरवर पाहता विचित्र वाटते. पण त्या निर्णयाने दोन गोष्टी साधल्या. विज्ञानावर दीर्घकाळ पैसा लावण्याची सवय असलेले खाते पाठीशी आले, आणि रुग्णाची शुश्रूषा व रोगाचा शोध ही दोन कामे एकाच छताखाली राहिली. आज खारघरचे अॅक्ट्रेक, वाराणसी, गुवाहाटी, संगरूर, मुल्लनपूर, विशाखापट्टणम अशी केंद्रे या एका कारभारात आहेत. इतका विस्तार झाल्यावर पुढे काय वाढवायचे यापेक्षा काय शोधायचे हा प्रश्न अधिक निकडीचा होतो.

जगात कर्करोगाचे प्रश्न विचारते कोण, हे पाहिले की या निकडीचे कारण कळते. औषधांच्या बहुतेक मोठ्या चाचण्यांचा खर्च कंपन्या करतात आणि कंपनी आपल्या नव्या औषधाबद्दलच विचारणार, यात गैर काही नाही. मात्र पेटंट संपलेले औषध, शस्त्रक्रियेच्या पद्धतीतला बदल, कमी केलेली मात्रा, तपासणीची स्वस्त रीत यांत कुणाचाच नफा नसतो, म्हणून ते प्रश्न बेवारस राहतात. त्यातल्या एकाचे उदाहरण पाहा. दाताचे डॉक्टर हिरडी बधिर करायला टोचतात ते लिग्नोकेन अवघ्या काही रुपयांचे औषध आहे. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करताना, रुग्ण पूर्ण भुलीखाली असताना, चाकू लावण्याआधी सात ते दहा मिनिटे ते गाठीच्या चहूबाजूंनी टोचायचे, ०.५ टक्के द्रावण, जास्तीत जास्त ६० मिलिलिटर. शस्त्रक्रियेच्या धक्क्याने गाठीतल्या पेशी पसरत असतील तर त्यांना त्या आधीच रोखता येईल का, एवढाच प्रश्न. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी ११ केंद्रांतल्या सुमारे १६०० स्त्रियांचे सोडतीने दोन गट पाडून तो विचारला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनी हयात असण्याचे प्रमाण इंजेक्शन घेतलेल्या गटात ९०.१ टक्के होते, तर न घेतलेल्या गटात ८६.४ टक्के. अन्य देशांतल्या केंद्रांनी हा निष्कर्ष पुन्हा तपासायला हवा, तो विज्ञानाचा रिवाजच आहे. पण हा प्रश्न सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या केंद्राने विचारला नसता तर तो कुणीच विचारला नसता.

तोंडाच्या कर्करोगाचेही तसेच. तंबाखू, गुटखा आणि मशेरीच्या या देशात तो घरोघरी ऐकू येतो, श्रीमंत देशांत मात्र त्याचे प्रमाण कमी. त्यामुळे एक प्रश्न कित्येक दशके वादात राहिला. तोंडातली गाठ लहान आहे, मानेतल्या लसीकाग्रंथी हाताला लागत नाहीत, तर त्या पहिल्याच शस्त्रक्रियेत काढायच्या की रोग मानेत उतरल्याचे दिसल्यावर? डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४ पासून दहा वर्षे रुग्णांची नोंद करून त्याचे उत्तर शोधले. ग्रंथी आधीच काढलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, वाट पाहिलेल्यांत ६७.५ टक्के. २०१५ मध्ये हे निष्कर्ष आले आणि जगभरच्या शल्यचिकित्सकांपुढचा वाद बराचसा निवळला. निवोलुमॅब या महागड्या औषधाची कथा याच मालिकेतली आहे. त्याची प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम आणि आपल्याकडच्या फार थोड्या रुग्णांना ती परवडते. परळच्या डॉक्टरांनी डोके व मानेच्या बळावलेल्या कर्करोगात तोंडावाटे देण्याच्या स्वस्त औषधांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिले. वर्षभराने हयात राहणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. पूर्ण मात्रेशी तुलना या अभ्यासात नव्हती, म्हणून पुढचा प्रश्न त्यातूनच उभा राहतो. चांगल्या योजनेत प्रश्नांची अशी साखळी आधीच मांडलेली असते.

या अभ्यासांकडे पाहताना त्यांना लागलेला काळही लक्षात घ्यायला हवा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरचा मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमधला अभ्यास १९९८ मध्ये सुरू झाला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना चार आठवडे प्रशिक्षण दिले गेले. त्यांनी वस्तीतच तपासणी करायची, पातळ केलेले अॅसेटिक अॅसिड, म्हणजे व्हिनेगरचाच घटक, गर्भाशयमुखाला लावायचे, मिनिटभर थांबायचे आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहायचे. ना प्रयोगशाळा, ना अहवालासाठी हेलपाटे. सुमारे दीड लाख स्त्रियांचा यात समावेश होता. डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा तपासणी झालेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले. याच स्त्रियांमधल्या स्तनतपासणीचे निष्कर्ष यायला २०२१ उजाडले. एकूण गटात मृत्यूंतली घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही, पण पन्नाशीपुढच्या स्त्रियांत ती जवळपास ३० टक्के होती. हे काम सुरू झाले तेव्हा डॉ. केतायून दिनशॉ संचालक होत्या. निष्कर्ष हाती आले तेव्हा ते पद डॉ. बडवे सांभाळत होते, आणि आज ते डॉ. सुदीप गुप्ता यांच्याकडे आहे. म्हणजे संचालकाने पेरलेल्या कामाचे पीक बहुधा पुढचा संचालक काढतो. आपल्या कार्यकाळात कोनशिला बसवून फीत कापण्याचा मोह सोडून, ज्याचे श्रेय दुसऱ्याला मिळणार आहे अशा कामाला पैसा आणि माणसे बांधून देणे, हे संशोधन संस्थेतले नेतृत्व. ते एका व्यक्तीच्या थोरपणावर सोडून चालणार नाही. माणूस बदलला तरी प्रश्न चालू राहील, अशी व्यवस्था योजनेत लिहिलेली असली पाहिजे.

उत्तर सापडले की काम संपले, असे मात्र मुळीच नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये तिशीपुढच्या सर्वांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि त्यांत हीच साधी पद्धत स्वीकारली. त्यानंतर झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ मध्ये, ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी गर्भाशयमुखाची तपासणी झालेल्या फक्त १.९ टक्के निघाल्या. मुंबईतल्याच वस्त्यांत सिद्ध झालेली पद्धत गावोगावच्या आरोग्य उपकेंद्रात पोचली नाही. आता जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही विषाणूच्या चाचणीला पहिली पसंती देते आणि लसही उपलब्ध आहे, पण ज्या यंत्रणेला व्हिनेगरची तपासणी पोचवता आली नाही तिला महागडी चाचणी कशी पोचवता येईल? म्हणून शोध सिद्ध झाल्यावर तो रुजवायचा कसा, कुठली आशाताई, कुठली परिचारिका, कुठले प्राथमिक आरोग्य केंद्र तो राबवेल, हाही संशोधनाचाच प्रश्न मानायला हवा. शोधनिबंध मोजणारी योजना प्रसिद्धीच्या दिवशी संपते. मृत्यू मोजणारी योजना त्या दिवशी अर्ध्या वाटेवर असते. नॅशनल कॅन्सर ग्रिडने या दिशेने चांगली वाट घालून दिली आहे. २०१२ मध्ये टाटाच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या जाळ्यात आज ३०० हून अधिक संस्था आहेत. त्यांतल्या २३ केंद्रांनी मिळून ४० औषधांची खरेदी केली तेव्हा सुमारे १,३२० कोटी रुपये वाचले. उपचारांच्या समान मार्गदर्शिका याच जाळ्यातून जिल्ह्याजिल्ह्यांत जातात. नवे उत्तर रुजवायलाही हेच जाळे वापरायचे, तर त्यासाठी वेगळा पैसा आणि वेगळी जबाबदारी योजनेत नोंदवली पाहिजे.

यावर पहिला आक्षेप सरळ आणि जिव्हाळ्याचा आहे. परळच्या पदपथांवर रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक मुक्काम टाकून असतात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागेसाठी रांग असते, ओपीडीत एकेका डॉक्टरपुढे पेशंटांची रीघ लागलेली असते. अशा वेळी डॉक्टरांचा वेळ प्रश्न विचारण्यात घालवायचा का? आक्षेप रास्त आहे, पण त्याचा हिशेब पुरता मांडलेला नाही. चांगला अभ्यास रांगही कमी करतो. स्तनाचा कर्करोग शरीरात इतरत्र पसरला असताना मूळ गाठ काढून आयुष्य वाढते का, असा प्रश्न टाटामध्येच ३५० स्त्रियांच्या अभ्यासातून विचारला गेला. २०१५ मध्ये उत्तर आले की वाढत नाही. त्यानंतर अशा किती स्त्रियांची निष्फळ शस्त्रक्रिया टळली असेल, किती टेबले आणि खाटा मोकळ्या झाल्या असतील! औषधाची मात्रा कमी करणारा, किरणोपचारांचे दिवस घटवणारा, अनावश्यक तपासण्या काढून टाकणारा प्रत्येक अभ्यास गर्दीवरचाच इलाज असतो. ज्या रुग्णालयात प्रश्न विचारायला उसंत नसते तिथे चुकीच्या गोष्टी जोमाने चालू राहतात. म्हणून संशोधन करणाऱ्या डॉक्टरांचे आठवड्यातले ठरावीक तास राखून ठेवणे ही चैन नाही, आणि हे तास ओपीडीच्या रेट्यात सहज गिळले जाऊ नयेत याची जबाबदारी संचालकाची.

दुसरा आक्षेप स्वाभिमानाचा आहे. स्वस्त भुलीचे औषध, कमी मात्रा, व्हिनेगर. म्हणजे गरिबांसाठी दुय्यम विज्ञान का? पुढारलेले देश जनुके आणि पेशींशी खेळत असताना आपण काटकसरच करत बसायचे का? हा आक्षेप ज्या कल्पनेवर उभा आहे ती खुद्द टाटाच्या कामाने खोडून काढली आहे. रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बाहेर काढून, प्रयोगशाळेत बदलून परत देण्याचा कार-टी उपचार आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून देशातच घडवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत त्याचे लोकार्पण झाले. अमेरिकेत तीन-चार कोटी रुपये लागणारा हा उपचार इथे साधारण त्याच्या दशांश खर्चात मिळतो. अत्यंत प्रगत जीवशास्त्र आणि परवडणारी किंमत हे दोन्ही हेतू एकाच प्रकल्पात ठेवता येतात, हे त्यातून दिसले. मात्र असा उपचार उभा राहायला पेशीविज्ञानाचे मूलभूत काम आधी अनेक वर्षे झालेले असावे लागते. म्हणून प्रश्नांच्या यादीत एक ठरावीक वाटा अशा कामासाठी राखावा, ज्याचा उपयोग आज सांगता येत नाही. वरून लादलेल्या योजनेने कुतूहल मरते, ही शास्त्रज्ञांची भीती खरी आहे आणि त्यावरचा उपाय तो राखीव वाटाच आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, आणि त्याला बगल देणे गैर ठरेल. मुंबईच्या त्या अभ्यासात निम्म्या, म्हणजे ७५ हजारांवर स्त्रियांची तपासणी अभ्यासकाळात झाली नाही, त्यांना फक्त आरोग्यशिक्षण मिळाले. त्यांतल्या काही दगावल्या. गर्भाशयमुखाची तपासणी उपयोगी असते हे जगाला माहीत असताना असा गट ठेवणे योग्य होते का, त्या स्त्रियांची संमती पुरती समजून घेतलेली होती का, असे प्रश्न परदेशातल्या टीकाकारांनी विचारले. संशोधकांचे उत्तर होते की भारतात त्या काळी कुठलीच तपासणी चालू नव्हती, त्यामुळे त्या गटाचे आधी मिळत असलेले काहीच हिरावले गेले नाही, आणि अभ्यास संपल्यावर त्यांनाही तपासणी देऊ करण्यात आली. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. माझ्या मते यातून निघणारा धडा असा की, झोपडपट्टीतल्या स्त्रियांवर होणाऱ्या अभ्यासाचा आराखडा ठरतो त्या बैठकीत त्या वस्तीचा आवाज सुरुवातीपासूनच असावा. नीतिसमितीची मंजुरी आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. रुग्णांचे प्रतिनिधी, परिचारिका, समाजसेवक यांना प्रश्न निवडण्याच्या टप्प्यावर बसवले तर अभ्यास थोडा संथ होईल खरा, पण लोकांचा विश्वास टिकेल, आणि वीस वर्षे चालणाऱ्या कामाला विश्वासावाचून दुसरा आधार नाही.

बाहेरच्या अनुभवातूनही काही घेण्यासारखे आहे. अमेरिकेत १९७१ च्या राष्ट्रीय कर्करोग कायद्याने संशोधन केंद्रांच्या व्यवस्थेला बळ मिळाले. तिथल्या मान्यताप्राप्त केंद्राला मुख्य अनुदान टिकवायचे असेल तर ठरावीक वर्षांनी बाहेरच्या तज्ज्ञांच्या परीक्षणाला सामोरे जावे लागते, स्वतंत्र सल्लागार मंडळ ठेवावे लागते आणि आपण कोणत्या भागातल्या लोकांसाठी काम करतो, त्या भागात कर्करोगाचा भार कसा आहे, हे लिहून द्यावे लागते. त्यांची खर्चिक आरोग्यव्यवस्था आपल्या कामाची नाही, पण ही शिस्त आहे. आपल्याकडे तिचा पाया कधीचाच घातलेला आहे. मुंबईत १९६३ मध्ये देशातली पहिली लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी सुरू झाली, तर ग्रामीण भागातली पहिली १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत. कुठल्या वयाच्या माणसांना, कुठल्या अवयवाचा, कुठल्या टप्प्यावर कर्करोग सापडतो, हे या नोंदी वर्षानुवर्षे सांगत आहेत. संशोधनाचा प्रश्न त्या नोंदींतून यायला हवा. बार्शीच्या शेतमजूर स्त्रीला रोग उशिरा का सापडतो, हा प्रश्न पहिल्या प्रतीचा वैज्ञानिक प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर परदेशातली कुठलीही प्रयोगशाळा देणार नाही.

तेव्हा मागणी स्पष्ट करून मांडतो. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक कर्करोग संशोधन केंद्राने, आणि आधी टाटाने, आपली दहा वर्षांची योजना मराठी, हिंदी व इंग्रजीत लोकांपुढे ठेवावी. तिच्यात मोजके प्रश्न असावेत, प्रत्येक प्रश्नासमोर तो कोणत्या रुग्णांचा आहे हे लिहिलेले असावे, आणि अभ्यास फसतो आहे असे दिसल्यास तो केव्हा थांबवायचा याची अटही असावी, कारण थांबवण्याची तयारी नसलेली योजना जुन्या सवयींचेच ओझे वाहत राहते. दर पाच वर्षांनी बाहेरच्या तज्ज्ञांनी आणि रुग्णांच्या प्रतिनिधींनी तिचे परीक्षण करावे व ते प्रसिद्ध व्हावे. पुढची फळी घडवणे हे संचालकाचे लेखी कर्तव्य ठरावे, म्हणजे पद रिकामे झाल्यावर शोधाशोध करावी लागणार नाही. आणि यश मोजताना किती शोधनिबंध आले, किती मजले चढले याच्या आधी असे विचारावे की, या केंद्राने शोधलेल्या उत्तरामुळे कुठल्या तालुक्यात कुठला उपचार बदलला आणि तिथले किती मृत्यू टळले. सरकारने अनुदान देताना आणि आपण लोकांनी देणगी देताना हाच प्रश्न प्रत्येक केंद्राला विचारायला हवा, आणि त्याचे उत्तर आकड्यांत मागायला हवे.